अर्धं करत करत पायपर्यंत

१९१३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये पानभराचा एक लेख छापून आला. विषय जुनाच, दोन हजारांहून अधिक वर्षं लोकांना छळणारा: दिलेल्या वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढायचा. लेखकानं आकृती कशी काढायची ते मोजक्या वाक्यांत सांगितलं, ती का जमते ते आणखी चार-सहा ओळींत दाखवलं आणि शेवटी एक टीप जोडली. वर्तुळाचं क्षेत्रफळ १,४०,००० चौरस मैल असेल, तर या रीतीनं मिळणारी चौरसाची बाजू खऱ्या बाजूपेक्षा साधारण एक इंच जास्त भरेल.

१,४०,००० चौरस मैल म्हणजे सुमारे ३,६२,६०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. अख्खं राज्य पोटात घालून वर पन्नास हजार चौरस किलोमीटर उरावेत एवढं वर्तुळ, आणि चूक एका इंचाची! लेखकाचं नाव एस. रामानुजन. तेव्हा ते मद्रासमध्ये होते, पण वाढले कुंभकोणममध्ये.

रामानुजन यांच्या बहुतेक गणिताच्या वाटेला तुमच्या-आमच्यासारख्यांनी जाऊ नये हेच बरं. ही आकृती मात्र त्याला अपवाद आहे. तिला लागणारं सगळं सामान आपल्याकडे नववी-दहावीच्या भूमितीत शिकवलेलं असतं, आणि त्या सामानातली मुख्य वस्तू आहे मध्यबिंदू. आकृतीची पहिलीच आज्ञा अशी की अर्ध्या व्यासाचं अर्धं करा. पुढेही मध्य पुन्हा पुन्हा येतो, कधी उघडपणे, कधी समांतर रेषेआड लपून. कागद, टोकदार पेन्सिल, कंपासपेटी घेऊन बसलात तर हे वाचन अर्ध्या तासाचं आहे.

त्याआधी थोडं गावाविषयी. कावेरीकाठचं कुंभकोणम तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं. बडोद्यात सयाजीरावांच्या अल्पवयात कारभार पाहणारे दिवाण टी. माधवराव यांचा जन्म इथलाच, १८२८चा. रामानुजन जन्मले २२ डिसेंबर १८८७ला आजोळी, इरोडला. पण त्यांचं बालपण गेलं कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या लहानशा घरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून. शाळा टाउन हायस्कूल, पुढे तिथलंच सरकारी कॉलेज. दक्षिणेचं केंब्रिज म्हणून ते ओळखलं जाई, आणि तिथं इंग्रजीत नापास झाल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. शाळेत असतानाच लोनी यांचं त्रिकोणमितीचं आणि कार यांचं ‘सिनॉप्सिस’ ही पुस्तकं त्यांच्या हाती आली होती. कार यांच्या पुस्तकात हजारो निष्कर्ष ओळीनं मांडलेले, सिद्धता नावापुरत्या. कागद महाग, म्हणून हिशेब पाटीवर. पाटी कोपरानं पुसायची आणि उत्तर तेवढं वहीत उतरवायचं. १९१३च्या लेखाची तुटक, हुकमी भाषा या सवयीशी जुळणारी आहे: हे दुभागा, ते जोडा, त्याला समांतर काढा. का, ते तुम्ही शोधा. ज्या सोसायटीच्या जर्नलमध्ये तो छापला गेला तिचं ग्रंथालय त्या काळी पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं.

आता हत्यार पारखून घेऊ. रेषाखंडाचा मध्यबिंदू म्हणजे दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असलेला, त्याच रेषाखंडावरचा बिंदू. बारा सेंटिमीटरच्या रेषेचा मध्य पट्टीनं सहावर खूण करून मिळतो, त्याला भूमिती लागत नाही. पण रेषेची लांबी ११.१३६ सेंटिमीटर असेल तर? तिचा मध्य ५.५६८वर; अशी खूण कोणत्याच पट्टीवर नसते. तिथं कंपास कामाला येतो. कंपास अर्ध्याहून थोडा जास्त उघडायचा, एका टोकावरून रेषेच्या वर आणि खाली कंस मारायचे, उघडलेलं अंतर न हलवता दुसऱ्या टोकावरूनही तसेच मारायचे. कंस जिथं एकमेकांना छेदतात ते दोन्ही बिंदू दोन्ही टोकांपासून सारखेच लांब. त्यांना जोडणारी रेषा हा लंबदुभाजक, आणि तो मूळ रेषेला जिथं कापतो तो मध्यबिंदू. युक्लिडच्या पहिल्याच पुस्तकात रेषाखंड दुभागायची कृती दिलेली आहे. यात मोजणं कुठंच नाही, हे महत्त्वाचं. लांबी माहीत नसलेल्या रेषेचंही अचूक अर्धं होतं.

आकृती सुरू करू. रामानुजन यांनी इंग्रजी अक्षरं वापरली होती. मी मराठी घेतो. व्यास बारा सेंटिमीटर घ्या. बाराच का, ते पुढे कळेल. व्यासाचं डावं टोक अ, उजवं ब, केंद्र क. केंद्र हा व्यासाचा मध्यबिंदू, म्हणजे पहिला मध्य फुकटात मिळाला. आता अ-कचा मध्य काढा, त्याला ह म्हणा. ह सध्या बाजूला ठेवून द्यायचा, त्याची गरज अगदी शेवटी लागते. ब-ह हे अंतर व्यासाच्या पाऊणपट, आपल्या कागदावर नऊ सेंटिमीटर, एवढं ध्यानात असू द्या.

पुढची खूण त. क-ब या त्रिज्येचे तीन सारखे भाग करा आणि बच्या जवळच्या खुणेला त म्हणा. आपल्या मापात क-त चार सेंटिमीटर, त-ब दोन. पट्टीनं हे सहज होईल, पण मापाशिवाय करायचं तर? इथं मला मध्यबिंदूची एक युक्ती वापरावीशी वाटते. बमधून कोणतीही तिरपी रेषा काढा आणि तिच्यावर बच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन खुणा करा. त्या दोन खुणा आणि क मिळून एक त्रिकोण होतो, आणि क-ब ही त्याची मध्यगा ठरते. आता या त्रिकोणाच्या दुसऱ्या एका बाजूचा मध्य काढून तिची मध्यगा काढा. दोन मध्यगा जिथं भेटतात तो मध्यगासंपात, आणि तो प्रत्येक मध्यगेला शिरोबिंदूकडून २:१ असा विभागतो हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. म्हणजे तोच आपला त. तीन भाग करायचं कामही निव्वळ मध्य काढून झालं.

आता तवर व्यासाला लंब काढा. तो वर्तुळाला वरच्या बाजूला जिथं भेटतो तो बिंदू प. मग कर्कटकात त-प एवढं अंतर उचला आणि बपासून वर्तुळावर तेवढ्याच लांबीची जीवा मारा, तिचं दुसरं टोक स. प आणि स कागदावर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत-बाहेर येतात. दोन वेगळे बिंदू आहेत हे विसरू नका. इथं घोटाळा झाला की पुढचं सगळं वाया जातं. अ-स जोडा. आता कमधून ब-सला समांतर रेषा काढा, ती अ-सला मवर भेटेल. तमधूनही तशीच समांतर काढा, ती अ-सला नवर भेटेल.

मवर जरा थांबू. क हा अ-बचा मध्य आणि क-म ही ब-सला समांतर. नववीच्या पुस्तकात त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय असतं. त्याचा व्यत्यास सांगतो की एका बाजूच्या मध्यातून दुसऱ्या बाजूला समांतर रेषा काढली तर ती तिसऱ्या बाजूला दुभागतेच. म्हणजे म हा अ-सचा मध्यबिंदू. रामानुजन यांनी ‘दुभागा’ न म्हणता ‘समांतर काढा’ म्हटलं, कारण लगेच नसाठीही तीच दिशा हवी होती. अ-त हे व्यासाचा ५/६ भाग आहे, म्हणून अ-नही अ-सचा ५/६ भाग. त्यातून अर्धा वजा केला की म-न उरतं अ-सच्या बरोबर एकतृतीयांश. थोडक्यात, एका अ-स रेषेतून आपण दोन लांब्या मिळवल्या: तिचा अर्धा अ-म आणि तिचा तिसरा हिस्सा म-न.

या दोन लांब्या आता वर्तुळाच्या खालच्या बाजूला वापरायच्या. अपासून अ-म एवढी जीवा मारा, तिचं टोक ख. मग अवर स्पर्शिका काढा, म्हणजे व्यासाला लंब, आणि तिच्यावर खालच्या बाजूला म-न एवढं अंतर घ्या. ते टोक ल. ब-ख, ब-ल आणि ख-ल जोडा. शेवटी बाजूला ठेवलेला ह उचला: ब-ह हे नऊ सेंटिमीटरचं अंतर ब-खवर बपासून मोजा, ती खूण च. चमधून ख-लला समांतर काढा, ती ब-लला जिथं भेटेल तो द. ब-द ही आपल्या चौरसाची बाजू. ख-ल जेमतेम तीन सेंटिमीटरची असते, त्यामुळे गुण्या थोडा जरी सरकला तरी द जागा सोडतो. शेवटची ही रेषा दोनदा काढून बघावी.

बारा सेंटिमीटर व्यासाला ब-द १०.६३ सेंटिमीटर भरायला हवं. ते का, हे बघण्यात खरी मजा आहे.

व्यास १२, त्याचे तवर दोन तुकडे: १० आणि २. अर्धवर्तुळात काढलेला कोन काटकोन असतो, आणि काटकोनातून कर्णावर टाकलेला लंब हा कर्णाच्या दोन तुकड्यांचा भूमितीमध्य असतो. दहावीच्या पुस्तकात हेच ‘भूमितीमध्याचे प्रमेय’ या नावानं आहे. तेव्हा त-पचा वर्ग १० गुणिले २, म्हणजे २०. ब-स तेवढंच. अ-स-ब हा कोनही काटकोन, म्हणून पायथागोरसनं अ-सचा वर्ग १४४ वजा २०, बरोबर १२४. अ-म तिच्या अर्धं, त्याचा वर्ग चौथा हिस्सा: ३१. हा ३१ धरून ठेवा, सगळी किमया त्याच्यात आहे.

अ-ख हे अ-मइतकंच, म्हणजे त्याचाही वर्ग ३१. अ-ख-ब काटकोन. ब-खचा वर्ग १४४ वजा ३१, म्हणजे ११३.

दुसरीकडे अ-ल हे अ-सच्या तिसऱ्या हिश्शाचं. इथं बारा सेंटिमीटरचं माप अपूर्णांक देतं, म्हणून क्षणभर व्यास १८ समजा. मग व्यासाचा वर्ग ३२४, अ-सचा वर्ग २७९ आणि अ-लचा वर्ग त्याचा नववा हिस्सा, पुन्हा ३१! ब-ल-अ त्रिकोणात काटकोन अपाशी आहे, म्हणून या वेळी वजाबाकी नाही, बेरीज: ३२४ अधिक ३१, म्हणजे ३५५.

११३ आणि ३५५ ही जोडी ओळखीची वाटली पाहिजे. शाळेत आपण ‘पाय’ची किंमत २२/७ घेतो, तीत दशांशाच्या तिसऱ्या घरात चूक असते. ३५५/११३ ही किंमत ३.१४१५९२९ येते, सहाव्या घरापर्यंत बरोबर. चीनमधल्या झू चोंगझीनं पाचव्या शतकात ती काढली होती. लक्षात ठेवायला सोपी: ११३३५५ लिहा आणि मधोमध रेघ मारा. रामानुजन यांची चतुराई किमतीत नाही. किंमत जुनीच आहे. चतुराई आहे ती ११३ म्हणजे १४४ वजा ३१ आणि ३५५ म्हणजे ३२४ अधिक ३१ हे पाहण्यात. एक संख्या बाराच्या वर्गाच्या खाली ३१नं, दुसरी अठराच्या वर्गाच्या वर तेवढ्याच ३१नं. एकाच रेषेचा अर्धा आणि एकतृतीयांश घेतला की दोन्ही हाती लागतात. आणि तो ३१ मिळवायला व्यासाचे पाचास एक असे तुकडे लागतात: छत्तीसातून पाच वजा केले की एकतीस. म्हणून त तिथं आहे. शोध त्यांनी असा उलट्या दिशेनं लावला का हे लेखात लिहिलेलं नाही. पण आकृती शेवटाकडून वाचली की तिच्यातली एकही खूण उगाच वाटत नाही.

आता ह. समांतर रेषेमुळे ब-द आणि ब-च यांचं गुणोत्तर ब-ल आणि ब-ख यांच्याइतकंच. दोन्ही लांब्या एकाच व्यासाच्या मापात आणल्या तर ते गुणोत्तर ३५५/११३च्या वर्गमुळाच्या दोनतृतीयांश भरतं. आपल्याला हवी आहे त्रिज्या गुणिले ‘पाय’चं वर्गमूळ, म्हणजे अर्धा व्यास गुणिले ते वर्गमूळ. दोनतृतीयांशला कशानं गुणलं तर अर्धा येईल? पाऊणनं. म्हणून ब-च व्यासाच्या पाऊणपट, म्हणून अर्ध्याचं अर्धं करून ठेवलेला ह. पहिल्या ओळीत काढलेली खूण शेवटच्या ओळीत कामाला येते, आणि मधल्या काळात रामानुजन तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आकृती काढणाऱ्याच्या ध्यानात एक गंमत येईल. ब-खचा वर्ग ११३ आहे आणि आपल्या वर्तुळाचं खरं क्षेत्रफळ ११३.०९७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे नुसती ब-ख हीच चौरसाची बाजू धरली तरी चालण्यासारखं आहे! ब-ख १०.६३०, ब-द १०.६३५, फरक मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका, पेन्सिलच्या रेघेहून बारीक. मग ल, च, द हा पुढचा सगळा खटाटोप कशासाठी? कागदापुरतं बोलायचं तर कशासाठीच नाही. पण रामानुजन यांच्या टिपेतलं वर्तुळ घेतलं तर ब-खवर थांबणारा माणूस सहाशे किलोमीटरच्या बाजूत सुमारे २६० मीटरनं कमी पडेल, आणि दपर्यंत जाणारा एका इंचानं जास्त भरेल. टीप त्यांनी मैलांत दिली ती यासाठीच असावी. कागदावर ही चूक दिसणारच नाही.

तरीही हा चौरस वर्तुळाच्या बरोबरीचा नाही, आणि कधी होणारही नाही. फर्डिनांड लिंडेमान या जर्मन गणितज्ञानं १८८२मध्ये सिद्ध केलं की पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचं उत्तर ‘पाय’ असू शकत नाही. पट्टी-कंपासानं मिळणाऱ्या सगळ्या लांब्या मात्र अशा समीकरणांचीच उत्तरं असतात, कारण रेषा आणि वर्तुळं छेदून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे काही मिळत नाही. आपली रचना अचूक नाही हे रामानुजन यांना ठाऊक होतं. लेखात त्यांनी ‘जवळजवळ’ असंच म्हटलं आहे. अजूनही कुणी ना कुणी वर्तुळाचा अचूक चौरस सापडल्याचा दावा घेऊन येतो. अशा माणसाला ही आकृती दाखवावी आणि विचारावं, तुमची चूक महाराष्ट्राएवढ्या वर्तुळात किती इंच?

कुंभकोणमचं ते घर तंजावरच्या शास्त्र विद्यापीठानं घेऊन जपलं आहे आणि ते बघता येतं. राष्ट्रीय गणित दिवस म्हणून आपण २२ डिसेंबर पाळतो. शाळाशाळांत त्या दिवशी रामानुजन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, टॅक्सीच्या १७२९ क्रमांकाची गोष्ट सांगितली जाते आणि मुलं घरी जातात. त्याऐवजी एका तासात ही आकृती काढून घेतली तर नववीतल्या मुलाला कळेल की मध्यबिंदूचं प्रमेय परीक्षेतल्या तीन गुणांपलीकडेही कुठंतरी जातं. शिक्षकांनी हे जरूर करून पाहावं.

ज्यांना हे पचलं त्यांच्यासाठी पुढचा घास तयार आहे. १९१४मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समधल्या ‘पाय’वरच्या मोठ्या लेखात रामानुजन यांनी आणखी एक रचना दिली. तिची सुरुवात अर्धवर्तुळाच्या कंसाचा मध्य काढून होते आणि शेवट एका भूमितीमध्यानं. व्यास आठ हजार मैल, म्हणजे जवळपास पृथ्वीएवढा घेतला, तरी परिघाच्या सहाव्या हिश्शात तिची चूक एका इंचाच्या बाराव्या भागाहून कमी. तीही याच कंपासपेटीतून निघते. फक्त व्यास बाराऐवजी चोवीस सेंटिमीटर घ्या आणि पेन्सिलला आधी टोक करा.